जुना ऑनलाइन खेळ : जीर्णोद्धार की नवी उभारणी?

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ‘देखभाल’ हे प्रकरण बहुधा शेवटी येते आणि घाईत उरकले जाते. प्रत्यक्ष कामाला लागल्यावर मात्र शून्यापासून नवे लिहिण्याची संधी क्वचित मिळते. दुसऱ्या कुणीतरी कधीतरी लिहिलेले सांभाळणे हेच रोजचे काम असते. या पाठात आपण देखभालीतला सर्वांत अवघड प्रश्न घेणार आहोत. अनेकांनी मिळून खेळायचा एखादा ऑनलाइन खेळ जुना झाला, तर तो दुरुस्त करत राहावा, आतून नव्याने बांधावा, की बंद करून त्याच्या जागी दुसरा आणावा?

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता याव्यात.
• खेळ ‘जुना झाला’ या तक्रारीमागची वेगवेगळी कारणे ओळखणे.
• डागडुजी, पुनर्बांधणी आणि नवा खेळ या तीन मार्गांतला फरक सांगणे.
• प्रत्यक्ष घडलेल्या उदाहरणांवरून प्रत्येक मार्गाचा धोका दाखवणे.
• दिलेल्या परिस्थितीत कोणता मार्ग घ्यावा याचे कारणांसह उत्तर देणे.

१. आपले काल्पनिक उदाहरण

समजा, तमिळनाडूतल्या कुंभकोणम गावात तिघांचा एक गट आहे. त्यांनी बारा वर्षांपूर्वी पल्लांगुळी हा घरगुती खेळ ऑनलाइन आणला. पल्लांगुळी म्हणजे दोन ओळींत सात-सात खळगे असलेली फळी. त्यात चिंचोके किंवा कवड्या वाटत जायच्या आणि जिंकत जायच्या. समोरासमोर बसून दोघांनी खेळायचा हा खेळ आता कुंभकोणममधली आजी आणि सिंगापूरमधली नात मिळून खेळतात. महिन्याला दहा हजार लोक येतात. खेळाडूंची खाती आहेत, गुण आहेत, दर शुक्रवारी रात्री स्पर्धा होते.

आता अडचणी सुरू झाल्या आहेत. सर्व्हरवरचा कोड एकाच मोठ्या फाइलमध्ये वाढत गेला आहे. तो लिहिणाऱ्यांपैकी एक जण गट सोडून गेला. एक दुरुस्ती केली की दुसरीकडे काहीतरी मोडते. काही जण फोनमधल्या ॲपशी छेडछाड करून खोटे गुण मिळवतात. नव्याने आलेला अभियंता म्हणतो, “हे सगळे फेकून देऊ. दीड वर्षात मी स्वच्छ लिहून देतो.” जुना सहकारी म्हणतो, “चालतेय ना? मग हात लावू नका.”

दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. कोणाचे ऐकावे हे ठरवण्याआधी दुखणे कुठे आहे ते पाहू.

२. खेळ जुना होतो म्हणजे काय होते?

कोड गंजत नाही. दहा वर्षांपूर्वीची ओळ आजही तेच करते. बदलते ते तिच्या आजूबाजूचे जग. ‘जुना झाला’ या एका तक्रारीत निदान चार वेगळी दुखणी असू शकतात.

पहिले, पायाखालची जमीन सरकते. ब्राउझरमधले असंख्य खेळ फ्लॅश या तंत्रावर उभे होते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशचा आधार काढून घेतला. त्या खेळांच्या कोडमध्ये त्या दिवशी काहीही बिघडले नव्हते, तरी ते चालेनासे झाले.

दुसरे, तांत्रिक कर्ज साचते. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ मध्ये ही उपमा दिली. घाईत केलेले काम म्हणजे घेतलेली उचल. ती फेडली नाही तर पुढच्या प्रत्येक बदलाबरोबर व्याज भरावे लागते. एका दिवसाचे काम आठवडाभर चालते ते या व्याजामुळे.

तिसरे, जाणकार माणसे निघून जातात. कोड राहतो, पण तो तसा का लिहिला हे सांगणारे कोणी उरत नाही.

चौथे, खेळच शिळा होतो. चित्रे जुनी दिसतात, नव्याने येणाऱ्याला नियम कळत नाहीत, मुरलेल्यांना नवे काही उरत नाही. हे दुखणे कोडचे नाही. कोड कितीही स्वच्छ लिहिला तरी कंटाळवाणा खेळ कंटाळवाणाच राहतो.

म्हणून पहिला नियम असा: औषध ठरवण्याआधी दुखणे कोणते ते ठरवा. आपल्या गटाला दुसरे आणि तिसरे दुखणे आहे. चौथे नाही, कारण शुक्रवारची स्पर्धा अजून भरते.

३. तीन मार्ग

डागडुजी म्हणजे खेळ चालू ठेवून त्याचे छोटे छोटे भाग सुधारणे. खेळाडूला यात बहुधा काही जाणवत नाही.

पुनर्बांधणी म्हणजे खेळ तोच ठेवून त्याचा पाया बदलणे. नाव, जग, खाती तीच. आतले इंजिन, सर्व्हरची रचना नवी.

नवा खेळ म्हणजे जुन्याचा वारस म्हणून वेगळे काही तयार करणे आणि खेळाडूंना तिकडे यायला सांगणे. जुना खेळ त्यानंतर चालू ठेवता येतो किंवा बंद करता येतो.

या तिन्हींची निवड करताना एक गोष्ट विसरली जाते. ऑनलाइन खेळाची खरी मालमत्ता कोड नसून खेळाडू, त्यांची खाती, त्यांच्या ओळखी आणि सवयी ही आहे. भारतातले उदाहरण तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी क्राफ्टन कंपनीने बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया हा खेळ आणला. कागदोपत्री तो वेगळा खेळ होता. पण जुन्या खात्यातली माहिती नव्या खात्यात आणण्याची सोय त्यात दिलेली होती. ती सोय नसती, तर वर्षानुवर्षे खेळलेल्याला पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले असते.

४. कुंभकोणमच्या देवळांतला दाखला

चालू असलेली गोष्ट न थांबवता तिची दुरुस्ती कशी करायची, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. आपला गट ज्या गावात बसला आहे, त्या गावाने तो शतकानुशतके हाताळला आहे. कुंभकोणम हे देवळांचे गाव. तंजावरच्या भोसले राजांच्या मुलखातले, म्हणून मराठी वाचकालाही अगदी परके नाही. तिथल्या सारंगपाणी देवळासारख्या वास्तूत चोळ, विजयनगर आणि नायक अशा वेगवेगळ्या काळांतली बांधकामे एकमेकांत मिसळलेली आहेत. कोणीही आधीचे सगळे पाडून सुरुवात केली नाही.

दक्षिणेतल्या आगम परंपरेनुसार देवळाची साधारण बारा वर्षांनी दुरुस्ती करून कुंभाभिषेक करण्याची प्रथा आहे. या कामात गाभाऱ्याला हात लावायचा असेल, तर आधी ‘बालालय’ उभारतात. मूर्तीतल्या दैवी शक्तीचे कलशात आवाहन करून ती तात्पुरत्या छोट्या स्थानी नेली जाते. तिथे पूजा चालू राहते. गवंडी, शिल्पी, रंगारी यांचे काम संपले की कुंभाभिषेकाच्या दिवशी ती शक्ती पुन्हा मूळ स्थानी येते.

अभियंत्याच्या नजरेने पाहिले तर यात तीन तत्त्वे आहेत. दुरुस्ती ठरावीक काळाने होते, पडझड होण्याची वाट पाहिली जात नाही. काम चालू असताना सेवा खंडित होत नाही, ती तात्पुरत्या जागी हलवली जाते. आणि जे हलवले ते परत आणण्याचा विधी आधीच ठरलेला असतो.

चौथा धडा चुकांमधून मिळतो. जुन्या देवळांचे दगड ‘स्वच्छ’ करण्यासाठी यंत्राने वाळूचा मारा केला, तर मळाबरोबर कोरीव काम झिजते आणि शिलालेखही पुसट होतात. भिंत नवी दिसते, पण तिच्यावर लिहिलेली माहिती जाते. कोड ‘स्वच्छ’ करतानाही हेच घडू शकते.

५. सगळे नव्याने लिहिण्याचा मोह

जुना कोड वाचणे कठीण आणि नवा लिहिणे आनंदाचे असते. म्हणून प्रत्येक अभियंत्याला जुना कोड वाईट वाटतो. पण त्या किचकट ओळींमध्ये वर्षानुवर्षे सापडलेल्या अडचणींची उत्तरे दडलेली असतात.

आपल्या पल्लांगुळीतले उदाहरण घेऊ. समजा, जुन्या कोडमध्ये एका कोपऱ्यात असा नियम आहे की एखाद्याचे इंटरनेट तुटले तर नव्वद सेकंद थांबायचे, आणि त्याची ही पहिलीच वेळ असेल तर आणखी तीस सेकंद द्यायची. हा नियम कुठेही लिहून ठेवलेला नाही. नव्या अभियंत्याने तीस सेकंदांचा सरळ नियम लिहिला. चाचणी पास झाली. पण गावाकडच्या आजी दर डावात हरू लागल्या आणि दोन आठवड्यांत खेळ सोडून गेल्या. का गेल्या हे गटाला कधी कळलेच नाही.

प्रत्यक्षातले प्रसिद्ध उदाहरण नेटस्केप ब्राउझरचे आहे. १९९८ मध्ये त्याचा जुना पाया टाकून नव्याने लिहायचे ठरले. पाचवी आवृत्ती कधी आलीच नाही. थेट सहावी आली ती नोव्हेंबर २००० मध्ये. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने बाजार घेतला. त्याच नव्या कोडमधून पुढे २००४ मध्ये फायरफॉक्स उभा राहिला, हेही खरे. म्हणजे नवा कोड वाया गेला नाही. तो तयार होईपर्यंत कंपनीला वापरणारे टिकवता आले नाहीत.

खेळांच्या जगातही असेच दाखले आहेत. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झाला. त्याची जागा घेईल म्हणून आखलेला दुसरा खेळ २००१ मध्ये रद्द झाला. ‘अल्टिमा एक्स : ओडिसी’ हा आणखी एक खेळ २००४ मध्ये रद्द झाला. जुना ‘अल्टिमा ऑनलाइन’ मात्र पंचवीस वर्षे ओलांडून चालत राहिला. ‘एव्हरक्वेस्ट’ची सुरुवात १९९९ ची. त्याचा मोठा गाजावाजा झालेला वारस ‘एव्हरक्वेस्ट नेक्स्ट’ मार्च २०१६ मध्ये, बाजारात येण्याआधीच, रद्द झाला.

६. पुनर्बांधणी जमली ती कशी?

तरीही सगळे नव्याने बांधून यश मिळाल्याचे एक ठळक उदाहरण आहे. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचा ‘फायनल फँटसी चौदा’ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि सपशेल आपटला. कंपनीने जाहीर माफी मागितली, मासिक शुल्क घेणे थांबवले आणि डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे दिली. योशिदा यांनी नंतर एका परिषदेत सांगितलेला तपशील बोलका आहे: खेळातल्या एका फुलांच्या कुंडीचे चित्र जवळजवळ एका पात्राइतकेच गुंतागुंतीचे होते. शोभेच्या वस्तूंवर यंत्राची ताकद खर्च होत होती, म्हणून एका जागी जास्त खेळाडू दाखवणे अवघड होते. असा दोष वरवरच्या डागडुजीने जात नाही.

गटाने दोन कामे एकाच वेळी केली. जुना खेळ सुधारत राहिले आणि शेजारी नवे इंजिन बांधत राहिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, तेही कथेतच घडणाऱ्या एका महाप्रलयाने, म्हणजे बंद होणे हाच कथेचा भाग झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये ‘अ रेल्म रीबॉर्न’ या नावाने खेळ परत आला. जुन्या खेळाडूंची पात्रे सोबत आली. कठीण काळात पैसे भरून थांबलेल्यांना शुल्कात कायमची सवलत मिळाली.

हे यश पाहून ‘आपणही पाडून बांधू’ असे म्हणण्याआधी अटी पाहा. कंपनी मोठी होती. अडीच वर्षांहून अधिक काळ गट पोसण्याची तिची ऐपत होती. मूळ खेळ इतका फसला होता की गमावण्यासारखे थोडेच होते. आपल्या तिघांच्या गटाकडे यातले काहीही नाही.

वेगळ्या प्रकारची पुनर्बांधणी ‘काउंटर-स्ट्राइक’ची. २०१२ पासून चाललेल्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’च्या जागी वाल्व्ह कंपनीने २७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘काउंटर-स्ट्राइक दोन’ बसवला. इंजिन नवे, पण खेळाडूंनी जमवलेली शस्त्रांची सजावट जशीच्या तशी टिकली. त्याच वेळी खेळण्याचे काही प्रकार सुरुवातीला गायब झाले आणि ॲपलच्या मॅक संगणकांवर हा खेळ मिळेनासा झाला. कुणाचा तोटा होणार आहे, हे कोणत्याही पुनर्बांधणीत आधी मोजावे लागते.

७. खेळाडूंनी जुनेच मागितले तर?

‘नवे ते चांगलेच’ हे गृहीत धरू नका. ब्रिटनच्या जॅगेक्स कंपनीचा ‘रूनस्केप’ २००१ मध्ये सुरू झाला. २०१२ च्या अखेरीस त्याची लढाईची पद्धत मुळापासून बदलली आणि अनेक खेळाडू नाराज झाले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ मधली एक जुनी प्रत सापडली. फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळाडूंचे मत घेतले. चार लाखांहून अधिक मते आली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. पुढे तोच मुख्य खेळापेक्षा जास्त गजबजला. एक जुनी प्रत कोणीतरी जपून ठेवली होती, म्हणून हे शक्य झाले.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चेही असेच. जुनी आवृत्ती चालवणारा, चाहत्यांनी उभारलेला एक सर्व्हर २०१६ मध्ये कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. तेव्हा जुना खेळ परत आणा, या मागणीवर दोन लाखांहून अधिक सह्या जमल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्लिझर्डने ‘क्लासिक’ आणला. त्याची तांत्रिक बाजू लक्षात ठेवण्यासारखी आहे. अभियंत्यांनी आधी २००६ चा जुना कोड चालवून पाहिला. पण त्यात सुरक्षेच्या जुन्या त्रुटी होत्या आणि आजच्या सोयी नव्हत्या. मग त्यांनी आजचा कोड घेतला आणि त्याला जुना डेटा दिला. नकाशे, राक्षस, बक्षिसे जुनी; सर्व्हर आणि सुरक्षा आजची. खेळाचे नियम व आशय एकीकडे आणि ते चालवणारे यंत्र दुसरीकडे, अशी फारकत असेल तर ‘जुने की नवे’ हा वाद बराच सौम्य होतो.

याची उलट बाजूही आहे. ‘रूनस्केप क्लासिक’ ही त्याहून जुनी आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. देखरेखीची आणि सुरक्षेची नवी साधने तिच्याशी जुळेनाशी झाली होती. हात न लावता ठेवलेला खेळही कायम टिकत नाही. आपल्या गटातल्या जुन्या सहकाऱ्याने ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी.

८. ताडावरचा वड

डागडुजी आणि पुनर्बांधणी यांच्या मधली एक पद्धत आहे. ताडाच्या झाडावर पक्ष्याने टाकलेले वडाचे बी रुजते, त्याची मुळे ताडाभोवती खाली उतरतात, आणि काही वर्षांनी ताड आत संपून वड स्वतःच्या बळावर उभा राहतो. अशाच झाडांवरून मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये सॉफ्टवेअरच्या एका पद्धतीला नाव दिले. जुन्या प्रणालीच्या कडेने एकेक भाग नवा बांधायचा, तेवढेच काम त्याच्याकडे वळवायचे, आणि जुना भाग रिकामा झाला की काढून टाकायचा.

‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ पासूनच्या अंतराळ-खेळात खेळाडूंच्या तळांचा जुना कोड हात लावायला अवघड झाला होता. गटाने तो दुरुस्त करण्याऐवजी २०१६ मध्ये नव्या प्रकारचे तळ शेजारी आणले आणि जुन्यांची कामे टप्प्याटप्प्याने त्यांच्याकडे सोपवली. त्याच खेळात हजारो खेळाडूंच्या लढाईत सर्व्हर कोलमडत असे. त्यावरचा एक उपाय साधा होता: गर्दी झाली की खेळातला काळच संथ करायचा, गरज पडल्यास नेहमीच्या दहा टक्के वेगापर्यंत. लढाई लांबते, पण तुटत नाही.

९. एक छोटे गणित

आता आपल्या दहा हजार खेळाडूंकडे वळू. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत.

तिघेही नव्या लेखनात गुंतले आणि जुन्या खेळाकडे दुर्लक्ष झाले, तर दरमहा ३ टक्के खेळाडू गळतात असे धरू. अठरा महिन्यांनी उरतील १०,००० × ०.९७^१८, म्हणजे सुमारे ५,७८०. काम लांबून तीस महिने लागले तर सुमारे ४,०१०.

एकाने जुना खेळ सांभाळला, स्पर्धा चालू ठेवल्या आणि गळती १ टक्क्यावर आली, तर तीस महिन्यांनीही सुमारे ७,४०० खेळाडू उरतील.

फरक याहून मोठा आहे. दोघांच्या खेळात महत्त्वाची असते ती जोडी. n खेळाडूंमध्ये शक्य जोड्या n(n−१)/२, म्हणजे साधारण n च्या वर्गाच्या प्रमाणात. खेळाडू ४० टक्के उरले की शक्य जोड्या १६ टक्केच उरतात. रात्री अकरा वाजता जोडीदार मिळेना झाला की उरलेलेही जातात. म्हणून नवा कोड दीड वर्षाने उत्तम चालला, तरी तो खेळायला माणसे असतीलच असे नाही.

१०. निर्णयाची कसोटी

पुढील प्रश्न क्रमाने विचारा.

एक, दोष पायातल्या गृहीतकात आहे का? आपल्या खेळात खोटे गुण का मिळतात? कारण डाव कोण जिंकला हे खेळाडूचा फोन ठरवतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. हे गृहीतकच चुकीचे आहे. निकाल सर्व्हरने ठरवायला हवा. एवढा भाग नव्याने बांधावा लागेलच. गप्पांची खिडकी, स्पर्धांचे वेळापत्रक, गुणतालिका यांना मात्र तो दोष नाही.

दोन, जुने नियम पकडून ठेवता येतील का? खेळून झालेल्या डावांच्या नोंदी घ्या. त्याच चाली जुन्या आणि नव्या कोडला द्या आणि निकाल ताडून पाहा. नव्वद सेकंदांसारखा लपलेला नियम असा फरक दाखवून स्वतःहून वर येतो. मात्र त्यासाठी नोंदीत चालींबरोबर वेळा आणि तुटलेल्या जोडण्याही असायला हव्यात. फरक सापडला की तो चूक आहे की शहाणपण, हे माणसाने ठरवायचे.

तीन, खेळाडूची मालमत्ता सुखरूप हलेल का? खाती, गुण, मित्रांची यादी हलवण्याची तालीम प्रतीवर आधी करा.

चार, परतीची वाट आहे का? नवा भाग आधी थोड्या खेळाडूंना द्या. बिघडले तर त्याच रात्री जुन्यावर परत येता आले पाहिजे. हेच आपले बालालय.

पाच, काम दुप्पट लांबले तरी गट तग धरेल का?

या कसोटीवर कुंभकोणमच्या गटाचे उत्तर असे येते. खेळ बंद करून नवा आणायचा नाही, कारण खेळ शिळा झालेला नाही. नुसती डागडुजीही पुरणार नाही, कारण निकाल ठरवण्याचा पाया चुकीचा आहे. दोघांनी निकालाचा भाग सर्व्हरवर नव्याने बांधावा, तिसऱ्याने जुना खेळ आणि शुक्रवारची स्पर्धा सांभाळावी. बाकीचे भाग एकामागून एक, गरज दाखवेल तसे.

उत्तर ‘नवा खेळ’ असे कधी येते? दुखणे चौथ्या प्रकारचे असेल, किंवा खेळाची कल्पनाच वेगळी असेल तेव्हा. अशा वेळी जुना लगेच बंद करू नये. ‘एव्हरक्वेस्ट’ आणि २००४ मध्ये आलेला ‘एव्हरक्वेस्ट दोन’ वर्षानुवर्षे शेजारी चालले.

११. बंद करायचेच असेल तर

कधीकधी पैसे संपतात आणि कोणताच मार्ग उरत नाही. तेव्हाही एक निर्णय शिल्लक असतो: खेळ कसा बंद करायचा. २०१४ मध्ये आलेल्या ‘द क्रू’ या गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत असल्याने विकत घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. त्यातून खेळ असे नष्ट करू नयेत ही चळवळ उभी राहिली. युरोपीय संघातल्या नागरिकांच्या त्याविषयीच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

दुसरा मार्गही दिसतो. ‘सिटी ऑफ हीरोज’ २०१२ मध्ये बंद झाला. चाहत्यांनी तो स्वतः चालवला. जानेवारी २०२४ मध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टने त्यांच्यापैकी एका गटाला रीतसर परवाना दिला. तेव्हा बंद करताना निदान एवढे करता येते: पुरेशी आधी सूचना, खेळाडूला स्वतःच्या डावांची नोंद उतरवून घेण्याची सोय, शक्य असल्यास सर्व्हर चालवण्याची साधने खुली करणे, आणि कोड व डेटाची एक प्रत जपून ठेवणे.

सारांश

ऑनलाइन खेळ जुना झाला म्हणजे चार वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात. आधी दुखणे ओळखावे. जुन्या कोडमध्ये न लिहिलेले शहाणपण असते, ते पकडल्याशिवाय तो टाकू नये. पाया चुकीचा असेल तिथे पुनर्बांधणी अटळ आहे, पण ती भागाभागाने, खेळ चालू ठेवून आणि परतीची वाट ठेवून करावी. कोड पुन्हा लिहिता येतो. निघून गेलेले खेळाडू पुन्हा जमवणे फार कठीण असते.

स्वाध्याय

१. तुमच्या महाविद्यालयातील एखादी जुनी संगणक प्रणाली (ग्रंथालय, परीक्षा किंवा प्रवेश) निवडा. चारपैकी कोणते दुखणे तिला आहे ते उदाहरणासह लिहा.
२. विभाग ९ मधील गणित दरमहा २ टक्के गळती आणि २४ महिने धरून करा. उरलेल्या खेळाडूंमध्ये शक्य जोड्या मूळच्या किती टक्के राहतील?
३. ‘फायनल फँटसी चौदा’च्या यशामागच्या अटींपैकी कोणती नसती तर निकाल बदलला असता? कारणे द्या.
४. कुंभकोणमच्या गटाकडे तिघांऐवजी एकच माणूस उरला आहे असे समजा. विभाग १० मधील पाच प्रश्नांची उत्तरे पुन्हा लिहा. तुमचा निर्णय बदलतो का?